‘कॉमिक्स वाचलीस का?’ या प्रश्नाचं काय करायचं

या वेळी आलेलं पत्र थोडं आटोपशीर करून देत आहे.

“ताई, कॉमिक्सवर बेतलेल्या मालिका हा माझा जीव की प्राण आहे. ‘द वॉकिंग डेड’चे अकराही सीझन, ‘ॲरो’, ‘द फ्लॅश’, १९९२ची ‘बॅटमॅन’ची ॲनिमेटेड मालिका, सगळं पाहिलंय, काही तर पुन्हा पुन्हा. कॉमिक्स मात्र मी अधूनमधून वाचते. समोर आलं तर वाचलं, नाहीतर नाही. माझा मोठा भाऊ याच्या अगदी उलट, पट्टीचा वाचक. त्याच्या खोलीत अंकांचे खोके रचलेले आहेत. मालिका आम्ही एकत्र बघायचो आणि दर थोड्या वेळाने तो म्हणायचा, ‘मुळात असं नाहीये.’ त्याच्या मित्रांमध्ये मी तोंड उघडलं की पहिला प्रश्न, ‘कॉमिक्स वाचलीस का?’ एकदा मी ‘हो’ म्हणून टाकलं. ‘वॉकिंग डेड’ पूर्ण वाचलंय म्हणाले. सारांश वाचून ठेवला होता. एकाने विचारलं, ‘मग कॉमिकमधला डॅरिल कसा वाटला तुला?’ मी सुरू झाले. त्याचा क्रॉसबो, त्याने कॅरलसाठी आणलेला पांढरा गुलाब, थोरल्या भावासमोर तो कसा एकदम लहान होतो, सगळं बोलले. सगळे ऐकत राहिले आणि मग हसायला लागले. कॉमिकमध्ये डॅरिल नाहीच! दादा हसला नाही, पण काही बोललाही नाही. तेव्हापासून आम्ही एकत्र काहीच बघितलेलं नाही.

मी खरी चाहती नाही का? वाचायला घेतलं तर दहा मिनिटांत अंक संपतो आणि मनात काही उरत नाही. सुरुवात कुठून करायची तेही कळत नाही, इतके हजारो अंक आहेत. की नादच सोडून देऊ?

ता.क. ‘वॉचमेन’ ही मालिका बघायची राहिली आहे. तिच्याआधी कॉमिक वाचायलाच हवं का?”

प्रिय मैत्रीण,

आधी डॅरिलचं बोलू. बाकीचे प्रश्न त्याच्यामागेच उभे आहेत असं पत्र वाचताना वाटलं.

न वाचलेलं ‘वाचलंय’ म्हणालात, हे चुकलंच. त्यावर पांघरूण घालत नाही, तुम्हीही घातलेलं नाही. पण त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते पुन्हा एकदा बघा. दुसऱ्या सीझनमध्ये कॅरलची मुलगी सोफिया हरवलेली असते, सगळे हळूहळू आशा सोडत असतात, आणि कुणाशी धड न बोलणारा हा माणूस बिअरच्या रिकाम्या बाटलीत एक फूल घालून कॅरलपाशी घेऊन येतो. त्या फुलाची गोष्ट तिला सांगतो आणि निघून जातो. हे तुम्हाला कुठल्या सारांशातून मिळालेलं नाही. तुम्ही ते पाहिलंत, लक्षात ठेवलंत आणि इतकी वर्षं जवळ बाळगलंत. थोरल्या भावासमोर, मर्लसमोर, डॅरिल लहान होतो हे निरीक्षण तर उत्तमच आहे. ते कुणी संवादात सांगत नाही, डॅरिल साकारणाऱ्या नॉर्मन रीडसच्या खांद्यांकडे आणि नजरेकडे बघणाऱ्यालाच दिसतं. त्या गप्पांत तुमचं बोलणं सगळं खरं होतं. खोटा होता तो ‘वाचलंय’ हा दावा, आणि तो तुम्ही केलात कारण ‘पाहिलंय’ म्हटलं तर किंमत मिळणार नाही अशी तुमची खात्री करून दिली गेली होती.

ज्याने तो प्रश्न विचारला त्याचं वागणं मला मुळीच आवडलं नाही. तुम्हाला तोंडघशी पाडण्यासाठीच तो विचारलेला होता. ज्याला गोष्टीवर प्रेम आहे तो समोरच्याला गोष्टीत ओढून घेतो, सापळा लावत नाही.

आता डॅरिल कॉमिकमध्ये का नाही ते सांगते. रीडस त्या मालिकेसाठी आला होता तो मर्लचे संवाद घेऊन. मर्ल मायकेल रूकरला मिळाला, पण रीडसचं काम इतकं भावलं की त्याच्यासाठी मर्लचा धाकटा भाऊ नव्याने लिहिला गेला. तिकडे कॉमिक २००३मध्ये सुरू झालं होतं, ते २०१९मध्ये १९३व्या अंकावर संपलं आणि शेवटपर्यंत डॅरिल त्यात आला नाही. आणि हे सगळं कॉमिकच्या लेखकाच्या पाठीमागे कुणी केलं असंही नाही. रॉबर्ट किर्कमन स्वतः मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक होता, तिचे काही भागही त्याने लिहिले. म्हणजे ज्याने कॉमिक लिहिलं त्याच्याच देखत आणि सहभागाने मालिका वेगळ्या वाटेने गेली.

या वेगळ्या वाटेची गंमत तुमच्या दादाला तुमच्यापेक्षा जास्त कळलेली असणार. (‘वॉकिंग डेड’ न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद गाळावा.) कॉमिकमधली सोफिया जगते, शेवटच्या अंकात ती मोठी झालेली भेटते. तोवरचे अंक वाचलेला माणूस २०११मध्ये दुसऱ्या सीझनचा तो भाग बघत बसलाय, कोठाराचं दार उघडलंय, एकेक चालतं प्रेत बाहेर येतंय आणि सगळ्यांत शेवटी ती पोरगी, तीही तशीच. तुम्हाला धक्का बसला तो ती हरवली होती म्हणून. वाचकाला बसला तो ती सुखरूप असल्याचं त्याला ‘माहीत’ होतं म्हणून. कॅरलचंही तसंच. कॉमिकमध्ये ती तुरुंगाच्या कथानकातच संपते, मालिकेत अखेरपर्यंत टिकते आणि पूर्ण वेगळी बाई होऊन टिकते. नायकाचा मुलगा कार्ल, त्याचं उलट. तेव्हा दादा जेव्हा ‘मुळात असं नाहीये’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात, एक पडद्यावर आणि एक आठवणीत, आणि त्या कुठे फाटा फोडतात हे बघण्याची त्याला मजा येत असते. ती मजा तुमच्यापर्यंत पोहोचवायची त्याची रीत वाईट आहे, वेळ तर फारच वाईट निवडतो. पण तुमच्या पत्रावरून तो तुम्हाला कमी लेखतो असं मला वाटत नाही. सगळे हसले तेव्हा तो हसला नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे.

‘मुळात’चा मुद्दा मात्र इथे सोडवत नाही. तुम्ही तो निमूट मान्य करून टाकलाय आणि तो तितका खरा नाही.

तुम्ही ज्या ‘बॅटमॅन’ मालिकेवर वाढलात तिच्यातल्या मिस्टर फ्रीझचंच घ्या. तो कॉमिक्समध्ये १९५९मध्ये आला तेव्हा त्याचं नाव मिस्टर झीरो होतं. थंडीचं हत्यार बाळगणारा एक किरकोळ खलनायक. १९६६च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला ‘मिस्टर फ्रीझ’ हे नाव दिलं, कॉमिक्सने ते तिथून उचललं. तरी माणूस किरकोळच राहिला. मग १९९२मध्ये पॉल डिनीने ॲनिमेटेड मालिकेसाठी ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग लिहिला. तो सुरू कसा होतो आठवा. काचेच्या गोळ्यात हिमवर्षाव, आत गोल गोल फिरणारी नर्तकीची बाहुली, आणि तिच्याशी बोलणारा एक सपाट, गोठलेला आवाज. आजारी पत्नी नोरा, तिला वाचवण्याची धडपड, तो प्रयोग बंद पाडणारा मालक, सगळं त्या एका भागात आलं. जेमतेम वीस-बावीस मिनिटांत एका हास्यास्पद खलनायकाला शोक मिळाला. त्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला आणि पुढे कॉमिक्सने हीच नोरा, हाच शोक आपलासा केला. आज कुणी पट्टीचा वाचक फ्रीझबद्दल हळहळून बोलतो तेव्हा तो तुमच्या मालिकेने दिलेल्या गोष्टीबद्दलच बोलत असतो.

हार्ली क्विन तर पूर्णपणे तिथलीच. त्याच मालिकेत, १९९२मध्ये, जोकरची साथीदार म्हणून तिला एका भागापुरती आणली होती. डिनी आणि ब्रूस टिम यांनी तिला घडवलं आणि अर्लीन सॉर्किनने आवाज दिला. लोकांनी तिला जाऊच दिलं नाही. १९९३मध्ये ती मालिकेवरच्या कॉमिकमध्ये उतरली आणि १९९९मध्ये डीसी या बॅटमॅनच्या प्रकाशनसंस्थेच्या मुख्य कथाविश्वात. बार्बरा गॉर्डनची बॅटगर्ल १९६०च्या दशकात कॉमिक्समध्ये आली ती दूरचित्रवाणी मालिकेच्या निर्मात्याला एक स्त्री पात्र हवं होतं म्हणून. ‘ॲरो’मधला जॉन डिगल मालिकेसाठी लिहिला गेला, वर्षभरात कॉमिकमध्ये पोहोचला. सुपरमॅनला दुबळं करणारा क्रिप्टोनाइट आधी रेडिओवर गाजला आणि काही वर्षांनी छापील पानावर आला. ही देवाणघेवाण ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालू आहे. कॉमिक वर आणि मालिका तिच्या खाली, अशी उतरंड लावायची तर ती कुठून लावणार?

हे सगळं पाठ करून पुढच्या वेळी त्या मित्रांच्या तोंडावर फेकायचा मोह होईल. तसं करू नका, अशी कळकळीची विनंती आहे. तसं केलंत तर तुम्हीही त्यांच्यासारखाच सापळा लावत बसाल, आणि आवडत्या गोष्टींचा दारूगोळा झाला की त्या हळूहळू आवडेनाशा होतात. शिवाय हा पुरावा तुम्हाला लागतच नाही. समजा कुठल्याही मालिकेने कॉमिक्सला कणभरही काही दिलं नसतं, तरी तुमचं प्रेम तेवढंच अस्सल असतं. कारण मालिका जे देते ते कागद देऊ शकत नाही.

केव्हिन कॉनरॉयचा आवाज घ्या. १९९२पासून जवळपास तीस वर्षं त्याने बॅटमॅनला आवाज दिला. ब्रूस वेन म्हणून बोलताना तो हलका, थोडा बेफिकीर, आणि मुखवटा चढला की खाली उतरलेला, खोल. एकाच वाक्याच्या मध्यावर तो हा बदल करायचा आणि ब्रूस कुठे संपला ते तुम्हाला कानांनी कळायचं. कागदावरचा संवादाचा फुगा हे दुसऱ्या मार्गाने करू पाहतो, अक्षरांची जाडी बदलतो, फुग्याची कड बदलतो. चांगलं करतो. पण हा अनुभव वेगळा आणि तो तुमच्याकडे आहे. किंवा कार्लचंच बघा. त्याचं काम करणारा चँडलर रिग्ज दुसऱ्या सीझनमध्ये टोपी डोळ्यांवर येणारं पोर होता, आठव्या सीझनपर्यंत आवाज फुटलेला तरुण झाला. कॉमिकमधला कार्ल चित्रकाराच्या लेखणीने वाढतो. मालिकेतला तुमच्यासमोर खरोखर वाढला, तुम्हीही त्या वर्षांत वाढलात. दर आठवड्याला एका ठरावीक वेळी कुणासोबत तरी बसून, पुढच्या आठवड्यापर्यंत तर्क लढवत, सीझनच्या मधल्या सुट्टीत कासावीस होत केलेली ही संगत आहे. तिला निष्ठा लागते. अकरा सीझन, १७७ भाग. मधले दोन-तीन सीझन रेंगाळले तेव्हा कितीजण सोडून गेले, तुम्ही राहिलात. आणि तुम्ही मला विचारता, मी खरी चाहती आहे का? आहात. यात ‘पण’ नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण असं पत्र आलं की लोक लगेच वाचनाचा कार्यक्रम आखून देतात. अधूनमधून कॉमिक वाचणारी व्यक्ती ही पुढे पट्टीची वाचक होणार असलेली व्यक्ती असावीच असं नाही. तुम्ही आयुष्यभर अधूनमधूनच वाचलंत तर काही बिघडत नाही. दादाच्या खोक्यांचं तुमच्यावर कसलंही देणं नाही. तुम्हाला मजा येत असेल तर वाचा, एवढंच.

पण मजा येत नाही, ही तुमची तक्रार आहे, आणि तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. ‘दहा मिनिटांत अंक संपतो आणि मनात काही उरत नाही’ हे वाक्य मी मालिका आवडणाऱ्या अनेकांकडून ऐकलं आहे. माझा अंदाज असा की तुम्ही फुगे वाचता आणि चित्रं ओलांडता. यात तुमचा दोष नाही, सवयीचा आहे. पडद्यावर चित्र आपोआप चालतं. कुठे बघायचं ते कॅमेरा ठरवतो, किती वेळ बघायचं ते संकलक ठरवतो, काय वाटून घ्यायचं ते संगीत सुचवतं. तुम्ही फक्त संवादांचा धागा पकडून ठेवता. तीच सवय घेऊन कॉमिक उघडलं की डोळे फुग्यावरून फुग्यावर उड्या मारतात. अंक वीस-बावीस पानांचा, संवाद तेवढेच, संपणारच. खरी गोष्ट दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी असते तिथे घडते. एका चौकटीत हात दाराच्या कडीवर, पुढच्या चौकटीत रिकामी खोली. मधलं तुम्ही घडवायचं असतं, आणि त्याला किती वेळ द्यायचा तेही तुमच्या हातात असतं. कॅमेरा, संकलक आणि संगीतकार, तिन्ही तुम्हीच.

म्हणून पान उघडलं की आधी एक अक्षरही न वाचता पूर्ण पान बघा. कुठली चौकट मोठी आहे, कुठे अंधार आहे, कुणाची पाठ आहे, एकच चेहरा तीन वेळा काढलाय तर तिन्हींत काय बदललंय. मग वाचा. पहिल्या काही पानांना हे कृत्रिम वाटेल, पुढे डोळा आपसूक करू लागतो. आणि पान उलटण्याआधी क्षणभर थांबा. चांगले लेखक धक्का नेहमी पान उलटल्यावरच ठेवतात. उजव्या पानाची शेवटची चौकट म्हणजे तुमच्या मालिकेतला ‘पुढील भागात’च्या आधीचा क्षण.

हे सगळं एका अंकात शिकायचं असेल तर ‘हॉकआय’ या कॉमिकचा ११वा अंक मिळवा. मॅट फ्रॅक्शनने लिहिलेला आणि डेव्हिड आजाने काढलेला हा २०१३चा अंक संपूर्णपणे एका कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसं बोलतात, पण फुग्यांत कुत्र्याला समजतात तेवढेच दोन-चार शब्द वाचता येतात, बाकी नुसती खरडलेली रेघ. प्रत्येक माणूस कुत्र्याला कसा कळतो? वासांनी. त्या माणसाभोवती छोट्या छोट्या चिन्हांचा एक नकाशा काढलाय, कॉफीचा कप, दुसऱ्या कुणाचा चेहरा, आधी कुठे गाठ पडली त्याची खूण. त्या चिन्हांवरून तुम्हाला एका खुनाचा मागोवा घ्यायचा आहे. फुगे वाचून हा अंक संपवताच येत नाही, डोळ्यांनीच वाचावा लागतो. याला आयसनर हा कॉमिक्ससाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला आहे. पडद्यावर हे असं दाखवता आलं असतं का? मला नाही वाटत. २०२१ची ‘हॉकआय’ मालिका याच कॉमिकवर बरीच बेतलेली आहे, तो कुत्राही तिच्यात आहे, पण त्याच्या डोक्यात शिरणं तिने सोडून दिलं. योग्यच केलं.

आता सुरुवात कुठून. हजारो अंकांचं दडपण घेऊ नका, प्रकाशकांनाही ते पेललेलं नाही. डीसीने १९८५-८६मध्ये आपलं सगळं कथाविश्व मोडून पुन्हा बांधलं आणि २०११मध्ये पुन्हा एकदा बावन्न मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या. पहिल्या अंकापासून आजवर सगळं वाचायचं हा विचार डोक्यातून काढून टाका. जे स्वतःत पुरं आहे ते उचला.

तुमच्यासाठी माझ्या मनात एक नाव लगेच आलं, ‘मॅड लव्ह’. १९९४चं, हार्ली क्विन जोकरच्या नादी कशी लागली त्याची गोष्ट सांगणारं, एका बैठकीत संपणारं. लिहिलं डिनीने, काढलं टिमने, म्हणजे तुमच्या मालिकेचीच माणसं. चेहरे ओळखीचे, आवाज तुमच्या कानांत आधीच भरलेले. पुढे १९९९मध्ये त्यावर मालिकेचा भागही निघाला, तो तुम्ही पाहिलाच असेल. आधी पानं वाचा, मग तो भाग पुन्हा लावा. एकच गोष्ट, तीच माणसं, दोन माध्यमं. कागदावर कुठे थांबावंसं वाटलं आणि पडद्यावर कुठे पोटात खड्डा पडला ते बघा. याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

आवडलं नाही तर अर्ध्यावर ठेवून द्या. ‘वॉकिंग डेड’चं कॉमिकही वाचायलाच हवं असं नाही. घेतलंत तर कृष्णधवल पानांची तयारी ठेवा आणि डॅरिलची वाट बघू नका.

राहिला दादा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत टोचलेली ओळ ‘तेव्हापासून आम्ही एकत्र काहीच बघितलेलं नाही’ ही आहे. खऱ्या-खोट्या चाहत्याचा प्रश्न तुम्ही मोठ्या अक्षरांत विचारलात, पण दुखतंय ते इथे. तो काही बोलला नाही म्हणजे तो रागावलाय, हा तुमचा तर्क. मला दुसरंच वाटतं. आपल्या बहिणीला आपल्या मित्रांसमोर खोटं बोलावंसं वाटलं, आणि तिथवर तिला आपणच आणून सोडलं, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. अशा वेळी थोरल्या भावांना शब्द सुचत नाहीत. मी चुकतही असेन. पण तो बोलण्याची वाट बघत बसण्यापेक्षा तुम्ही बोलून मोकळ्या व्हा. फार प्रस्तावना नको. ‘दादा, मी वॉकिंग डेड वाचलेलं नाही, खोटं बोलले. सतत तेच विचारत होते म्हणून बोलले. मला मालिका आवडते, कॉमिक्स कधीतरी. तुझ्याबरोबर बघायला मला आवडायचं.’ शेवटचं वाक्य गाळू नका. लाजेने तेच गळतं.

आणि मग त्याला विचारा, कोठाराचं दार उघडलं तेव्हा तुला काय वाटलं होतं? सोफिया जिवंत असल्याचं तुला माहीत होतं ना? खात्रीने सांगते, तो अर्धा तास बोलेल, आणि ते ऐकण्यासारखं असेल. तुम्ही त्याला पांढऱ्या गुलाबाचं सांगा. त्याचं लक्ष त्या वेळी कॉमिकशी ताडून बघण्यात असेल तर फूल त्याच्या नजरेतून सुटलंही असेल. एक नियम मात्र घालून घ्या, भाग चालू असताना ‘मुळात’ काढायचं नाही. भाग संपला, नावं वर सरकायला लागली, की मग त्याने हवं तितकं बोलावं आणि तुम्ही हवं ते विचारावं. मी अशी काही घरं पाहिली आहेत जिथे हा नंतरचा वेळ भागापेक्षा लांबतो.

मित्रांचं सोपं आहे. ‘कॉमिक्स वाचलीस का?’ ‘नाही, मालिका पाहिलीय.’ एवढंच, आवाज न चढवता, मान खाली न घालता. ‘मग तुला काय कळणार’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा आणि शेजारच्याशी बोला. बहुतेक घोळक्यांत एक तरी माणूस असा असतो ज्याला मालिकाही मनापासून आवडते आणि जो ते सांगायला संकोचत असतो.

आता ता.क.चं. ‘वॉचमेन’च्या बाबतीत माझं उत्तर बाकीच्या पत्राच्या उलट आहे. हो, आधी वाचाच.

एरवी मालिका कॉमिकची गोष्ट पुन्हा सांगते, म्हणून न वाचता बघितलं तरी चालतं. २०१९ची ही नऊ भागांची मालिका तसं करत नाही. कॉमिकची गोष्ट १९८५मध्ये घडते आणि मालिका तिच्यानंतरच्या काळात, चौतीस वर्षांनी, ते सगळं घडून गेलंय असं धरून सुरू होते. पहिल्याच भागात आकाशातून जे पडतं ते का पडतं हे वाचल्याशिवाय कळणार नाही, आणि पडद्यावरची माणसं त्याकडे इतक्या सवयीने बघतात की आपणच काहीतरी चुकवलं असं वाटत राहील. २००९चा चित्रपट बघून काम भागेल असं कुणी सांगेल. भागणार नाही. चित्रपटाने शेवट बदलला आहे आणि मालिका कॉमिकच्या शेवटावर उभी आहे.

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे हे बारा अंक १९८६-८७मध्ये आले. मालिका बघणाऱ्या माणसाला ते सोयीचे आहेत, बारा भागांचा एक सीझन समजा आणि रात्री एकच अंक वाचा. अंकाच्या शेवटी काही पानं नुसत्या मजकुराची असतात, कुणाच्या आत्मचरित्रातली प्रकरणं, पत्रं, अहवाल. कंटाळून ती ओलांडाल तर पुढचं निसटेल. बहुतेक पानं नऊ चौकटींच्या जाळीत बसवलेली आहेत, त्यामुळे एखादी चौकट जेव्हा ही जाळी मोडते तेव्हा तिथे थांबा. पाचव्या अंकात तर पानांची रचनाच आरशासारखी आहे. पहिलं पान शेवटच्या पानाशी जुळतं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी, असं करत करत दोन्ही बाजू मध्यावर येऊन भिडतात. वाचून झाला की तो अंक दोन्ही टोकांकडून एकदा उलटून बघा.

दादाच्या खोक्यात तो नक्की असेल. मागून घ्या. मालिका त्याने पाहिली नसेल तर तुमचं वाचून होईपर्यंत त्याला थांबायला सांगा.